मुंग्या खऱ्या आहेत

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो, त्रिमूर्ती चौकाच्या जवळ. घरात सासूबाई, मिस्टर, मी, दोन मुलं आणि माझे धाकटे दीर. दिरांचं वय ४३. सतरा वर्षांपासून त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. सुरुवातीची वर्षं फार वाईट गेली, पण ओलांझापिन सुरू झाल्यापासून शांत आहेत. ओरडणं नाही, घरातून निघून जाणं नाही. दिवसाला बिडीचं एक बंडल लागतं, तेवढं आम्ही देतो.

गोळी सुरू झाली तेव्हा वजन ६४ होतं, ते ९१ वर गेलं. गेल्या चार महिन्यांत मात्र ८३ झालंय. सासूबाई खूश आहेत, पोट उतरलं म्हणून. पण पाणी फार पितात. रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठतात. उजव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात जखम झालीय, महिना झाला तरी भरत नाही. दर सोमवारी सासूबाईंबरोबर कपालेश्वर महादेवाच्या देवळात जातात, बसने, पण अनवाणी. नवस आहे. आणि हल्ली सारखं म्हणतात, खालच्या मजल्यावरच्यांनी माझ्या पायात मुंग्या सोडल्यात. त्यामुळे आम्हाला वाटलं, आजार पुन्हा उलटतोय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या पेशंटना पाणी पिण्याची सवयच असते, मानसोपचारवाल्यांकडे न्या. तिथली तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

नणंद म्हणते, गोळ्यांनीच शरीराची वाट लागली, बंद कर. मीही मोबाईलवर वाचलं की या गोळीने शुगर होते. बंद करू का? निदान अर्धी करू का?

जाता जाता आणखी एक. समोरच्या ताईंचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा आहे, २४ वर्षांचा. मागच्या वर्षीपर्यंत गणपतीत सगळ्यांच्या पुढे नाचायचा. आता सोफ्यावरून उठत नाही, दिवसाही पेंगतो. त्यांनाही सगळे सांगतात, ही मुलं वय वाढलं की अशीच होतात. त्यांनीही विचारायला सांगितलंय.

— एक वहिनी, सिडको, नाशिक

उत्तर

ताई, बाकीचं सावकाश वाचा. आधी दिरांना घेऊन जवळच्या लॅबमध्ये जा आणि रक्तातली साखर तपासा. आजच. उपाशीपोटी असायला हवं म्हणून उद्यावर टाकू नका. जेवलेले असले तरी चालेल. शेजारीपाजारी कोणाकडे ग्लुकोमीटर असेल तर त्यावर बघितलं तरी पहिला अंदाज येतो. तुम्ही सांगताय ती लक्षणं असताना कुठल्याही वेळेची साखर २०० किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेह धरून चालायचं आणि त्याच दिवशी फिजिशियनला दाखवायचं. सोबत एचबीए१सी करायला सांगा. त्यावरून मागच्या तीनेक महिन्यांचा सरासरी हिशेब कळतो, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह.

आणि त्यांना उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल, श्वास जोरजोरात आणि खोल चालला असेल, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी असेल, तर लॅब नको, रिपोर्ट नको. सरळ कॅज्युअल्टी. सिव्हिल गाठा किंवा जे जवळ असेल ते. साखर फार वाढून रक्तात आम्ल साचण्याचा हा प्रकार ओलांझापिन घेणाऱ्यांत अगदी अचानकही झालेला आहे, आधी मधुमेह माहीत नसताना.

पत्र वाचून निदान करू नये, हे मला माहीत आहे. पण तहान, रात्रीची लघवी, न मागता उतरलेलं वजन आणि न भरणारी जखम हे चारही एका माणसात दिसत असतील, तर कोणीही डॉक्टर आधी साखरच बघेल. तुमच्या दिरांच्या बाबतीत बघितली गेली नाही, कारण त्यांच्या फाईलवर आधीच एक शब्द लिहिलेला होता.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सपशेल खोटं नाही, हेही सांगते. स्किझोफ्रेनिया असलेल्या काही जणांना कारण नसताना पाणी पिण्याची ओढ लागते. ती इतकी वाढू शकते की रक्तातलं सोडियम उतरून फिट येते. म्हणजे तीसुद्धा ‘सवय आहे’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नव्हे. पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, बाकी कारणं तपासून झाल्यावर. इथे तो सगळ्यात आधी काढला गेला.

हे फक्त तुमच्याच घरात घडतं असं नाही. वाण्याकडून घरातल्या कोणीही काहीही आणलं तरी एकाच नावावर मांडलं जातं, तसं एकदा मानसिक आजाराचं किंवा अपंगत्वाचं नाव लागलं की शरीराची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जाते. छातीत दुखतंय? टेन्शन. पोट फुगलंय? गोळ्यांमुळे असेल. जेवत नाही? हट्ट. मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्या मुलाने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला सुरुवात केली की ‘वर्तनसमस्या’ लिहिली जाते आणि दाढ किडलीय हे सहा महिन्यांनी कळतं. कान फुटलेला असतो, घशात जळजळ असते, बद्धकोष्ठ असतं. सांगता येत नाही म्हणून तो मारून घेतो.

याची किंमत मोठी आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, आत्महत्यांमुळे असेल. त्या आहेतच, पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे आजार, जंतुसंसर्ग यांनी होतात. म्हणजे ज्यांवर आपल्याकडे गल्लोगल्ली उपचार मिळतात त्याच आजारांनी. अपंगत्व असलेल्या व्यक्तींबद्दल याच संघटनेचा २०२२ चा अहवाल जवळपास तेच म्हणतो: त्यांतले काही जण इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत लवकर जातात, आणि दमा, मधुमेह, पक्षाघात, नैराश्य, दातांचे आजार यांचा धोका त्यांना दुपटीने असतो. अपंगत्व हे त्याचं थेट कारण फार थोड्या वेळा असतं. दवाखान्याला रॅम्प नसणं, तपासणीचं टेबल उंच असणं, मूकबधिर माणसाशी बोलायला कोणी नसणं, आणि वर सांगितलेलं ते खातं, ही कारणं जास्त.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गोळी बंद करू का? नाही. अर्धीही नाही.

नणंदेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ओलांझापिन भूक वाढवतं, पोट भरल्याची जाणीव मंद करतं, शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी करतं. या गटातल्या औषधांपैकी वजन आणि साखर वाढवण्यात क्लोझापिन आणि ओलांझापिन सगळ्यात पुढे आहेत. पण सगळा दोष गोळीच्या माथी मारता येत नाही. हेन्री मॉडस्ले नावाच्या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १८७९ मध्येच लिहून ठेवलं होतं की ज्या घराण्यांत वेड दिसतं त्या घराण्यांत मधुमेहही वारंवार दिसतो. ओलांझापिन बाजारात आलं १९९६ मध्ये. म्हणजे या दोन आजारांचं काही जुनं नातं आहे आणि गोळीने त्यात भर घातली. शिवाय बिडी, दिवसभर बसून राहणं, आणि घरातल्या सगळ्यांनी शांतता टिकावी म्हणून हातात ठेवलेला वडापाव. हे टोचून बोलत नाही मी. सतरा वर्षं असं घर सांभाळणाऱ्यांना वडापावचा आधार का वाटतो, ते मला समजतं.

गोळी एकदम थांबवली तर काय होतं, ते तुम्ही पहिल्या वर्षांत पाहिलेलं आहे. फसवी गोष्ट अशी की थांबवल्यावर पहिले काही आठवडे बरंच वाटतं. माणूस हलका होतो, बोलायला लागतो, घरच्यांना वाटतं, बघा, गोळीच वाईट होती. आजार उलटतो तो त्यानंतर. आणि तेव्हा वाढलेल्या साखरेचं औषध घ्यायलाही तो माणूस तयार नसतो.

बदल करायचा तर मानसोपचारतज्ज्ञांनी करायचा, आणि त्यांच्याकडे करण्यासारखं बरंच असतं. मात्रा हळूहळू कमी करता येते. ॲरिपिप्राझोलसारख्या वजन कमी वाढवणाऱ्या औषधावर काही आठवड्यांत नेता येतं. ते सगळ्यांना मानवतंच असं नाही. मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध जोडता येतं. किंवा गोळी चांगली लागू पडलीय म्हणून तीच ठेवून मधुमेहावर वेगळा उपचार करता येतो, आणि अनेकदा तेच शहाणपणाचं ठरतं. पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट मात्र पाहू नका. साखरेचा रिपोर्ट हातात आला की त्यांच्या दवाखान्यात फोन करून आकडा सांगा. ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तर तारीखच मिळेल. ‘साखर अमुक आलीय, वजन चार महिन्यांत आठ किलो उतरलंय’ म्हटलं तर लवकर बोलावतील.

एक गोष्ट मला खटकली. २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार या दोन्ही शाखांच्या संघटनांनी मिळून साधा नियम घालून दिला: अशी गोळी सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर, चरबी मोजायची, वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला आणि मग दर तीन महिन्यांनी, रक्तदाब आणि साखर बाराव्या आठवड्याला, नंतर निदान वर्षातून एकदा. मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ झाली की औषध बदलण्याचा विचार करायचा. तुमच्या दिरांचे पाच टक्के म्हणजे साधारण तीन किलो होतात. वाढले सत्तावीस. मधल्या वर्षांत कोणी काटा पुढे सरकवला असेल असं पत्रावरून तरी वाटत नाही. आपल्याकडे मानसोपचाराच्या ओपीडीत एका तासात किती पेशंट बघावे लागतात ते मी जाणते, पण वजनकाटा ही काही महागडी यंत्रणा नव्हे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात कोणी अशा गोळ्या घेतंय त्यांनी डॉक्टरांची वाट न पाहता स्वतःच वजन लिहायला लागावं. कंबरही मोजावी, बेंबीच्या पातळीवर. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० च्या पुढे गेली की आपल्या भारतीय शरीरांसाठी ती धोक्याची सूचना.

आता त्या मुंग्यांकडे येऊ.

तुमच्या पत्रात सगळ्यांची वाक्यं आहेत. सासूबाईंचं, नणंदेचं, डॉक्टरांचं. दिरांचं एकच आहे, ‘पायात मुंग्या सोडल्यात’, आणि तेच तुम्ही आजार उलटल्याची खूण म्हणून लिहिलंत. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. साखर बराच काळ वाढलेली असेल तर पायांच्या नसा बिघडतात, आणि मुंग्या येतात, आग होते, टोचतं, मग हळूहळू संवेदना जाते. तुम्हाला-मला असं झालं असतं तर आपण म्हटलं असतं, नस दबली असेल. त्यांच्या मनाने कारण शोधलं ते खालच्या मजल्यावरचं. कारण चुकीचं असेल, मुंग्या खऱ्या असू शकतात. भ्रम असलेल्या माणसाला शरीर नसतं असं थोडंच आहे?

म्हणून त्यांना विचारा. ‘कोणी सोडल्या’ हा वाद घालू नका, तो जिंकता येत नाही. विचारायचं ते असं: कुठे येतात, दोन्ही पायांत की एकात, रात्री जास्त की दिवसा, चपलेचा स्पर्श कळतो का, फरशी गार लागते का. बहुतेक वेळा नीट उत्तरं मिळतात. आणि लॅबमध्ये नेतानाही काय तपासणार, का तपासणार, हे आधी त्यांना सांगा. सुईला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा हक्क त्यांचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा सगळा रोख तोच आहे. विश्वासात घेतलं तर पुढच्या दहा तपासण्या सोप्या जातात, फसवून नेलं तर एकच होते.

काही गोष्टी वहिनीने दिराला विचारणं अवघड असतं, हे मान्य. शौचाला कधी झालं, लघवीत जळजळ आहे का, जांघेत खाज आहे का. ओलांझापिनमुळे बद्धकोष्ठ होतं, आणि हात थरथरू नयेत म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्झिफेनिडिलची गोळी सोबत असेल तर आणखी वाढतं. तोंडही कोरडं पडतं आणि दात किडतात. हे सगळं मिस्टरांच्या गळ्यात घाला. सुट्टीच्या दिवशी भावाला आंघोळीच्या वेळी बघायचं आणि पाय तळव्यांपर्यंत तपासायचे. तुम्ही एकटीने हे सगळं उचलायचं कारण नाही, आणि दिरांनाही भावाकडे बोलणं सोपं जाईल.

पायाच्या जखमेत हळद, तंबाखूची पूड, मलमं काहीही भरू नका. साखरेसोबत तीही दाखवा. जखम किती खोल आहे ते वरून कळत नाही. गरम पाण्यात पाय शेकू नका, संवेदना कमी असेल तर भाजल्याचंही कळत नाही. अनवाणी चालणं बंद. सासूबाईंना सांगा, महादेवाला पुढचे काही महिने चपला चालतील. देवळाच्या दारात काढायच्या, पायऱ्यांवरून उतरून आल्या आल्या घालायच्या. तेवढ्या अंतरासाठी मोजे. रामकुंडावरच्या दुपारच्या तापलेल्या फरशीवर असा पाय टेकवणं म्हणजे बोट गमावण्याची तयारी.

छातीत जळजळ, धाप, जबडा किंवा डावा हात दुखणं यातलं काही असेल तर ईसीजी लगेच. नसलं तरी एकदा काढून ठेवा. स्किझोफ्रेनियात काहींना वेदना कमी जाणवते किंवा ती सांगितली कमी जाते, त्यामुळे हृदयविकाराचा झटका किंवा फुटायला आलेलं अपेंडिक्सही शांतपणे बसलेल्या माणसात सापडतं.

बिडीबद्दल एक महत्त्वाचं. ती सुटली पाहिजेच, पण अचानक सुटली तर मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. धुरातल्या घटकांमुळे यकृत ओलांझापिन लवकर संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच गोळीची रक्तातली पातळी वाढते, माणूस गुंगतो, झोकांड्या खातो. रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि तिथे बिडी बंद झाली तर हे हमखास विसरलं जातं. वॉर्डमधल्या डॉक्टरांना तुम्हीच सांगा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून निकोटिनची च्युइंगगम वापरली तरी पातळी वाढायची ती वाढतेच.

खाण्याचं फार लिहीत नाही, मधुमेह निघाला तर आहारतज्ज्ञ सांगतीलच. पण सोमवारी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, असा प्रकार असेल तर तो उपास शरीराला जड आहे. चहातली साखर आधी कमी करा, ती दिवसात किती वेळा जाते ते मोजलंत तर दचकाल. द्राक्षांचा हंगाम आपल्या जिल्ह्यात कोणालाच चुकत नाही. घड नको, मूठभर. मिसळ मी कोणाची बंद करत नाही. पाव मोजा.

दवाखान्यात गेल्यावर काय बोलायचं, तेही सांगते, कारण तिथेच गाडी अडते. आधी निदान सांगू नका. आधी तक्रार सांगा, तारखेसह. ‘चार महिन्यांपासून तहान, रात्री चार वेळा लघवी, आठ किलो वजन उतरलं, महिन्याभराची जखम.’ मग गोळ्यांची नावं. डॉक्टर म्हणाले की हे मानसिक आजारातलं आहे, तर नम्रपणे एवढंच म्हणा, ‘डॉक्टर, आजार सतरा वर्षांचा आहे, ही तक्रार चार महिन्यांची आहे.’ याला उत्तर देण्यासाठी त्यांना तपासावंच लागतं. घरी एक साधी वही करा, फक्त शरीराची: वजन, रक्तदाब, साखर, झोप, शौच, जखमा. मानसोपचाराच्या फाईलमध्ये ती घुसडू नका, वेगळी ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

खर्चाची काळजी पत्रात लिहिलेली नाही, पण ओळींमधून दिसते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार आणि मेडिसिन दोन्ही एकाच आवारात आहेत, हा दिरांसारख्या पेशंटसाठी मोठा फायदा. गर्दी आहे, ते खरंच. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरून २१ प्रकार आहेत, आणि त्याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमात दिव्यांग व्यक्तींना तपासणी व उपचारांत प्राधान्य द्यावं असं लिहिलेलं आहे. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. सांगितल्यावर बहुतेक ऐकतात. दिरांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर करून घ्या. चाळीस टक्के किंवा जास्त प्रमाण निघालं तर पुढच्या सवलती मिळतात. आरोग्य विमा असेल तर हेही लक्षात ठेवा की २०१७ च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराइतकीच सोय ठेवणं बंधनकारक केलंय.

इतर गोळ्या घेणाऱ्या वाचकांसाठी पटकन. क्लोझापिनवर असलेल्याला ताप आणि घसादुखी आली तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजा, आणि तीन दिवस शौचाला झालं नाही तर घरगुती रेचकावर भागवू नका. या औषधात आतडं बंद पडून माणसं दगावलेली आहेत. लिथियम घेणाऱ्याने जुलाब, उलट्या, कडक उपास किंवा उन्हातला घाम यांना हलकं समजू नये, आणि मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये. लिथियमची पातळी विषारी होते. थायरॉईड आणि किडनीची तपासणी ठरलेल्या वेळी. कुठलंही मनोविकाराचं औषध चालू असताना खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भ्रमिष्टपणा एकत्र आले तर ती इमर्जन्सी आहे. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल जेवताना ठसकत असेल आणि वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर घास चुकीच्या वाटेने जातोय का ते बघायला हवं. झोपवून भरवू नका. आणि बायकांबद्दल एक राहतंच: मानसिक आजार असलेल्या बाईची मासिक पाळी गोळ्यांनी बंद झाली, स्तनात गाठ आली, तर घरात कोणी विचारतसुद्धा नाही. विचारा.

आता समोरच्या ताईंसाठी. चोवीस वर्षांचा, उत्साही मुलगा वर्षभरात मंदावला, हे ‘अशीच होतात’ या सदरात बसत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड मंदावणं फार सामान्य आहे, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, दरवर्षी करायचा असतो, तक्रार असो वा नसो. तो आधी करा. तो घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हे रात्री मोबाईलवर रेकॉर्ड करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना ऐकवा; झोपेत श्वास थांबण्याचा विकार या मुलांत पुष्कळ दिसतो, आणि दिवसा पेंगणं हे त्याचं ठळक लक्षण. कानात मळ साचून ऐकू येईनासं झालं तरी मूल गप्प होतं. घरात कोणी गेलंय का, भावंडाचं लग्न होऊन ते दूर गेलंय का, शाळा किंवा कार्यशाळा सुटलीय का, हेही विचारा. नैराश्य त्यांनाही येतं, ते फक्त शब्दांत सांगत नाहीत. डाऊन सिंड्रोममध्ये विस्मरणाचा आजार लवकर येतो हे खरं, कारण त्याच्याशी संबंधित जनुक एकविसाव्याच गुणसूत्रावर असतं आणि या मुलांत त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. पण चोविसाव्या वर्षी तो विचार सगळ्यात शेवटचा.

डाऊन सिंड्रोमची जवळपास निम्मी मुलं हृदयातल्या दोषासह जन्मतात. लहानपणी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला नसेल तर आता करा. चाल नव्याने डगमगायला लागली, हातातून वस्तू पडायला लागल्या, कपड्यात लघवी व्हायला लागली, तर मानेच्या वरच्या मणक्यांची सैलसर सांधणी मज्जारज्जूवर दाब आणत असेल. त्यात उशीर चालत नाही. या मुलांना शीर्षासन, हलासन, कोलांट्या परस्पर शिकवू नयेत, तेही याच कारणाने.

अमेरिकेतल्या नोंदींनुसार १९८३ च्या सुमाराला डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं. आज ते साठच्या घरात आहे. म्हणजे त्या मुलाचं जवळजवळ सगळं मोठेपण अजून पुढे आहे, आणि ते सोफ्यावर जायचं कारण नाही. बौद्धिक अपंगत्व असल्याने त्याला राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळू शकतं. त्यात ओपीडी आणि थेरपीही येते. ताईंनी नोंदणी केलीय का ते विचारा. दिरांना ती लागू नाही, कारण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वासाठी आहे.

मानसोपचारतज्ज्ञ वेळेवर भेटले नाहीत आणि दिरांची झोप, बोलणं, वागणं बिघडतंय असं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. साखरेसाठी मात्र फोनवर बसू नका. लॅबच्या वाटेला लागा, आणि टीएसएचसाठी समोरच्या मुलालाही सोबत घ्या.